कंडक्टरकाकांचा चहा

नवऱ्याच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि घरखर्चाला कात्री लावायचं काम आपसूक सुनेकडे आलं. ती कपडे अल्टर करायच्या दुकानात कामाला होती. कापड बेतून वापरायची हाताला सवय. तेच तिने स्वयंपाकघरात सुरू केलं. दुधाची पिशवी रिकामी झाली की तिच्यात पाणी घालून, खळखळवून तेही पातेल्यात. चहाचा चोथा दुसऱ्यांदा उकळायचा. पावाच्या कडा वाळवून डब्यात. भाज्यांची सालं उकळून त्या पाण्यात भात. कॉफीला आणि बाटलीतल्या सरबतांना रजा. नवरा म्हणायचा, "हळू श्वास घ्या, हवासुद्धा मोजून आहे," आणि सासरे हसत हसत ताट पुसून लख्ख करायचे. तिलाही त्यात गंमत वाटू लागली होती. पहिला महिना कुणापुढे हात न पसरता पार पडला, तेव्हा तर तिला आकाश ठेंगणं झालं.

एकच भोक बुजत नव्हतं. ते म्हणजे कंडक्टरकाका.

सासरे बसचे ड्रायव्हर आणि काका त्याच बसवरचे कंडक्टर. नोकरी सुटली तरी दोघांची दुपारची फेरी काही सुटली नाही. ती दुकानातून येऊन पाठ टेकते न टेकते तोच काका दारात. मग दाट दुधाचा चहा, वर "सूनबाई, साखरेला लाजू नकोस हं", बशीत बिस्किटं आणि कुठल्या चढावर इंजिन कुणामुळे तापलं यावरून हमरीतुमरी. ती मिटेपर्यंत चहाची दुसरी खेप.

एका सुट्टीच्या दिवशी, काका बाहेरच्या खोलीत बसलेले असताना, नवरा स्वयंपाकघरात डोकावला. "दूध संपलं? सकाळीच तर आणलं होतं."

"संपणारच," ती म्हणाली. "कंडक्टरकाकांच्या पोटात गेलं. त्यांच्या घरी गॅस पेटत नाही का? आपण चोथा उकळून प्यायचा आणि इथे फुकटची खानावळ चालवायची!"

मधली भिंत म्हणजे नुसती फळी. आवाज पलीकडे जातो हे तिला चांगलं ठाऊक होतं. तो खाली आणता आला असता. तिने आणला नाही.

बाहेरच्या खोलीतलं बोलणं मध्येच तुटलं. मग सासऱ्यांनी एकदम मोठ्या आवाजात गिअरबॉक्सचा विषय काढला.

दुसऱ्या दिवसापासून काका आले नाहीत.

"लेकीकडे गेलाय," सासऱ्यांनी सांगितलं. "बरेच दिवस राहीन म्हणतो."

तिच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण दूध पुरायला लागलं होतं, बिस्किटांचा डबा आठवडाभर टिकत होता आणि दुपारी तिला डुलकी काढता येत होती. सासरे आता त्या वेळी फिरायला जाऊ लागले. या वयात चाललेलं बरंच, असं म्हणून तिने विषय मनातून काढून टाकला.

थंडी पडायला लागली तशी दुकानात कोटांची गर्दी झाली. एका सकाळी ती तोंडात टाचण्या धरून कुणाच्या तरी पँटची उंची आखत होती, तेवढ्यात काउंटरवर एक जुना कोट येऊन पडला.

"सूनबाई, याचं अस्तर फाटलंय बघ. होईल का काही?"

कंडक्टरकाका! तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "काका? लेकीकडून कधी आलात?"

"कोणाच्या लेकीकडून?" काका हसले. "मला दोन्ही मुलगेच. ते ऊठसूट बोलावतायत, पण कोण जातंय! बरं, ते राहू दे. ड्रायव्हरचा खोकला कसा आहे? डॉक्टरांनी कुणाला भेटायचं नाही म्हणून सांगितलंय ना? मी दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत फिरलो. म्हटलं, माझ्यापायी त्याचं दुखणं वाढायला नको."

तिचा चेहरा तापला. माणूस इतकी वर्षं घरात चहा पितोय, त्याला लेक आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. आणि तिला माहीत नसणार, हे सासऱ्यांना पक्कं माहीत होतं.

खरं काय ते सांगून टाकावं असं तिला वाटलं. ओठांपर्यंत आलंही. पण तोंडातून निघालं ते असं: "आता बरे आहेत, काका. डॉक्टर म्हणाले, भेटायला हरकत नाही. या ना उद्या."

काकांचा चेहरा असा उजळला की तिला मान वर करवेना. कोटाचं अस्तर उसवायचं निमित्त करून ती मशीनकडे वळली.

त्या दुपारी ती घरी गेलीच नाही. सासरे कुठे सापडतील याचा तिने अंदाज केला आणि तो बरोबर निघाला. बस डेपोच्या फाटकासमोरच्या बाकावर, मफलर गुंडाळून, वळणाऱ्या गाड्या बघत ते बसले होते. सुनेला बघून गडबडले.

"बाबा," ती शेजारी बसत म्हणाली, "काकांना लेक नाहीये."

त्यांनी मफलर घट्ट केला. मग म्हणाले, "भेटला होता? तू त्याला काय सांगितलंस?"

"तुमचा खोकला बरा झाला म्हणून."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "शाबास. बरं केलंस."

चार शब्द सुनावले असते तर तिला परवडलं असतं. ती शाबासकी मात्र काट्यासारखी रुतली.

"मी त्या दिवशी मुद्दाम मोठ्याने बोलले होते, बाबा."

"माहीत आहे." ते समोरच्या गाडीकडेच बघत होते. "तू खोटं कुठे बोललीस? दूध पुरत नव्हतंच. मीच तुला सांगायला हवं होतं, अर्धा अर्धा कप कर म्हणून. पण त्याच्यासमोर मला ते जमलं नसतं. म्हटलं, तो दुखावण्यापेक्षा मी आजारी पडतो."

"त्यांनी ऐकलं होतं का?"

"विचारायची हिंमत नाही झाली. तोही काही बोलला नाही."

तिला रडू आलं. रस्त्यावर माणसं होती म्हणून तिने पदर तोंडाला लावला. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. नुसतं म्हणाले, "चल, गार वारा सुटलाय. खरंच खोकला व्हायचा."

दुसऱ्या दिवशी काका आले. सासरे खोकायचं साफ विसरले. तिनेच डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा दोनदा कसेबसे खोकले. तिने नवी पावडर घालून दाट चहा टाकला. कप बाहेर नेऊन ठेवले, तर काकांनी पिशवीत हात घालून आधी बिस्किटांचा पुडा काढला आणि मग दुधाची भरलेली पिशवी.

"आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं?" ते म्हणाले. "घे, सूनबाई. फ्रिजमध्ये टाक."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. नुसतं जुनं, गोड हसू. तिने निरखून बघितलं, पण त्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं की नाही, ते काही केल्या कळेना. सासरे कपाकडे बघत राहिले.

काका आता रोज येत नाहीत. आठवड्यातून दोनदा येतात, आणि दूध आणतातच. नवरा म्हणतो, त्यात काय एवढं, माणसाला देण्यात आनंद असतो. असेलही. ती पिशवी हातात घेते, "कशाला आणलंत, काका?" म्हणते, आणि ते म्हणताना दर वेळी तिला स्वतःचाच आवाज खोटा वाटतो.