बसची शिंक आणि लिंबाची डहाळी

मी खोटं बोलत नाही. खरं हे जन्मतःच जरा बुटकं असतं. मी त्याला पाटावर उभं करतो, एवढंच. आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात एकदा मिरचीचं पोतं फुटलं आणि भोकरदनहून येणारी एसटी वेशीपाशीच शिंकली, ही गोष्ट अख्ख्या गावाला पटलेली आहे. यंदा नागपंचमीच्या सकाळी मात्र माझी नात आकांक्षा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, बस शिंकत नसते. बसला नाक नसतं."

"म्हणून तर बिचारी इंजिनातून शिंकली. टपावरच्या कोंबड्या उडून थेट कडुलिंबावर जाऊन बसल्या."

"किती कोंबड्या?" आदिनाथनं विचारलं. हा तिचा धाकटा भाऊ. अजून बालवाडीत आहे, त्यामुळे शहाणा आहे.

आकांक्षा तिसरीत गेली आणि बिघडली. प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारते. माझा मुलगा सोमेश्वर जुन्या जालन्यात आडतीवर कामाला आहे, सगळं बिऱ्हाड तिकडंच, सणाला तेवढं गावी येतं. पण रोज संध्याकाळी जेवणाआधी ही दोन लेकरं फोनसमोर बसतात आणि मी इकडून गोष्ट सांगतो. दिवसभर कपाशीत खुरपताना मी तीच गोष्ट घोळवत असतो. त्या फोनसाठी मी रोज दाढीसुद्धा करतो, आता बोला.

"मागच्या वर्षी तुम्ही सांगितलं होतं," आकांक्षा पुढं सरकली, "की आजीनं पंचमीच्या झोक्यावरून लिंबाची डहाळी दातांनी तोडली. ते खरं का बसच्या शिंकेसारखंच?"

"बिलकुल खरं!"

"मंग आज पंचमी आहे, झोका आहे, आजी पण आहे. दाखवा."

मी इकडंतिकडं पाहिलं. स्वयंपाकघरात सूनबाई तृप्ती पुरणाची दिंडं उकडत होती. मला एकदम सुचलं. "अगं, आज काही चिरायचं नसतं, कापायचं नसतं. विळीसुद्धा आडवी ठेवलीय बघ. मंग डहाळी कशी तोडायची?"

"म्हणूनच आजीनं दातांनी तोडली, असं तुम्हीच सांगितलं होतं."

स्वतःच खणलेल्या आडात मी असा बराबर मधोमध पडलो.

"डहाळी तुटली न्हाई," आकांक्षा म्हणाली, "तर उद्यापासून गोष्ट बंद. त्या वेळेला आम्ही कार्टून बघू."

कार्टून! ज्या माणसानं एसटीला शिंकायला लावलं, त्याच्या जागी आता टोपी घातलेलं मांजर बसणार होतं.

मी परसात गेलो. उषाबाई, म्हणजे आमची मालकीण, तुळशीला पाणी घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी कवा तोडली डहाळी?"

"तोडली नसशील. पण तुला तोडता आली असती, हे मला तेव्हाच दिसलं होतं."

"अवं, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी झोक्यावर डोळे मिटून बसले होते. भ्यानं!"

"ते मी गोष्टीत घेतलं नाही."

"माझ्या गुडघ्याला विचारा आधी, मंग गोष्टी करा." तिनं तांब्या पालथा घातला आणि आत गेली. एवढ्यात सोमेश्वरनंही सुनावलं, "आबा, आईचं वय काय, तुम्ही काय लावून राह्यले!" मी गप्प बसलो. गप्प बसायची सवय नसल्यानं मला उचकी लागली.

दुपारी लिंबाखाली आळीतल्या सगळ्या बाया जमल्या. आमच्याकडं रीत अशी, की झोक्यावर चढलेल्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय झोका थांबवायचा नाही. उखाणा अडला की खालच्या पोरी आणखी जोरात झोका देतात. आकांक्षानं आळीतली सगळी पोरं गोळा करून ओळीनं बसवली होती, जणू माझा निकालच लागायचा होता.

मी घसा साफ केला. "पोरांनो, तेव्हा हे झाड लहान होतं, फांदी खाली होती..."

"आबा, झाड वाढलं म्हणून फांदी वर सरकत न्हाई. बाईंनी शिकवलंय."

या बाईंना मी एकदा जेवायला बोलावणार आहे आणि मिरचीचा ठेचा वाढणार आहे.

तेवढ्यात पोरं ओरडली. वळून पाहतो तर उषाबाई! पदर खोचलेला, काष्टा आवळलेला. शेजारच्या बेबीनंदाचा हात धरून म्हणाली, "चल गं, समोर उभी राहा. एकटीनं जोर येत न्हाई."

"उषे, गुडघे?" मी हळूच विचारलं.

"गुडघे घरी ठेवून आले. सरका जल्दी."

दोघी समोरासमोर पाटावर उभ्या राहिल्या आणि एक खाली बसली की दुसरी उठते, असं करत झोका चढवू लागल्या. आधी तृप्ती घाबरली, मग तीच ओरडायला लागली, "आत्याबाई, अजून थोडं!" पहिल्यांदा पाला कपाळाला घासून गेला. मग नाकाला. सोमेश्वरनं डोळ्यांवर हात घेतला, पण बोटं फाकवून बघत होता. तिसऱ्या खेपेला लिंब हलला, आणि उषाबाई खाली आली तेव्हा तिच्या दातांत हिरवीगार डहाळी होती!

पोरांनी आळी डोक्यावर घेतली. बाया ओरडल्या, "नाव घ्या! नाव घ्या!"

आता नाव कसं घेणार? तोंड उघडावं तर डहाळी पडते, आणि आकांक्षानं हातात घेऊन बघितल्याशिवाय ती डहाळी सोडायची नाही, असं उषाबाईच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. नाव नाही तर झोका थांबत नाही. बेबीनंदा वरून ओरडली, "पुंजारामभाऊ, आता तुम्हीच घ्या नाव! माझे हात सुटून राह्यले!"

सगळी आळी माझ्याकडं बघू लागली. आणि काय सांगू, आयुष्यभर चालणारी माझी जीभ ऐन वेळी लाकूड झाली. झोका वर गेला, खाली आला. उषाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, की मला उखाणा आपोआप सुचला:

"बसला नसतं नाक, तरी एसटी शिंकली,
उषाबाईंनी तोडली डहाळी, अन् माझी गोष्ट जिंकली!"

झोका थांबला. आकांक्षानं डहाळी हातात घेतली, उलटसुलट बघितली, दातांच्या खुणांवर बोट फिरवलं. "खरंच दातांनी तोडली," ती हळूच म्हणाली.

"मी काय सांगत होतो!" मी म्हणालो. माझी गोष्ट थोडी आगाऊ पोचली होती, एवढंच. घटना मागून आली.

उषाबाई चूळ भरत होती. "तोंड नुसतं कडूजहर झालं. यापुढं गोष्टीत मला काय करायला लावणार, ते आधी विचारत जा."

"बराबर. पुढच्या गोष्टीत तू विहीर उडी मारून ओलांडतेस."

तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या अंगावर फेकलं.

लेकरं जालन्याला परतली आणि संध्याकाळी फोन वाजला. पलीकडं आळीसारखाच कल्ला. आकांक्षानं शाळेतल्या मैत्रिणी जमवल्या होत्या. मी सुरुवात केली, "तर आजीनं झोका चढवला, आणि दातांनी डहाळी..."

"आबा, विसरलात काय?" आकांक्षानं माझं बोलणं मध्येच तोडलं आणि मैत्रिणींकडं वळली. "डहाळी नव्हती गं, अख्खी फांदी होती. अन् फांदीवर कोंबड्या बसल्या होत्या. मी स्वतः मोजल्या."