मेंढ्याच्या शिंगांची सायकल

गुंडाला सायकलचे दात बघायचे होते, पण तोंड कुठं ते सापडेना.

"गुंडाप्पा, जित्राब न्हाय ते," धुळाप्पा म्हणाला. बाळीवेशीत त्याचं जुन्या सायकलींचं दुकान होतं.

"त्ये कळतंय की. पर वय कशावरनं वळखायचं?"

गुंडा मूळचा सांगोल्याकडचा मेंढका. रोग येऊन मेंढरं गेली तसा तो सोलापूरला आला आणि गिरणीत सूतखात्यात लागला. पाठीवरून हात फिरवायचा, खूर उचलायचा, चार पावलं चालवून बघायचं, याच रीतीनं तो आयुष्यभर पारख करत आला होता. आता तो सायकलच्या नळीवरून तसाच हात फिरवत होता आणि मधूनमधून माझ्या तोंडाकडं बघत होता. मला त्यानं जाणकार म्हणून सोबत आणलं होतं. एकदा विजापूरच्या वाटेवर वारा इतका उलटा होता, की दमलेले कावळे माझ्या कॅरियरवर बसून आले, असं मी गिरणीत सांगितलं होतं. ते खरं मानणारा गुंडा एकटाच.

दुकानात त्याच्या ऐपतीच्या दोनच सायकली होत्या. एक काळी, दणकट, दवाखान्यातल्या कंपाउंडरची. घंटा, दिवा, कॅरियर, सगळं जागच्या जागी. नव्या नवरीला बसवून अक्कलकोटला न्यावं अशी. दुसरी कुणी गोरा इंजिनेर विलायतेला परतताना टाकून गेला होता. अंगानं काटकुळी, टायर बोटाएवढे, घंटा नाही की दिवा नाही. आणि हँडल पुढून खाली गोल वळलेलं, थेट मेंढ्याच्या शिंगांसारखं.

गुंडाची नजर त्या शिंगांवरून हलेना.

"काळी घे," मी म्हटलं. "म्हातारपणापर्यंत पुरंल."

"पुरंल वो. पर रामहरीभाऊच्या मागं पळंल का?"

खरा घोर हाच होता. रामहरी आमच्या गिरणीतला फिटर. रविवारी आम्ही सातआठ जण त्याच्यामागं सायकली हाणत सीना नदीपर्यंत जायचो. तो इतका जोरात जायचा, की त्याची सावली कोंडी गावापाशी मागं पडायची आणि नदीवर धापा टाकत येऊन त्याला मिळायची. मागं राहील त्याच्यासाठी थांबायचं नाही, हा त्याचा नियम. गुंडा भाड्याच्या सायकलवर यायचा आणि दर वेळी एकटाच मागं राहायचा. शेवटी रामहरीनं सुनावलं, "येत्या रविवारी सीनेपातुर आमच्याबरूबर आलास तर ठीक. न्हायतर उगं धूळ खायला येऊ नगंस."

चाळिशीतल्या माणसानं ते एवढं का मनाला लावून घ्यावं? मी तिथंच दुकानात विचारलं.

"मेंढका कळपाच्या मागनं चालतो वो," तो म्हणाला. "जलमभर मी धूळच खाल्ली. येकदा म्होरची हवा कशी आसती, ती बघायची हाय."

त्यानं शिंगवाली उचलली. ती एका हातात वर आली, तसा तो लहान पोरासारखा हसला. मग त्याचं बोट हँडलच्या खाली, मानेपाशी थांबलं. बाकी सायकल जुनाट, आणि तेवढ्या जागी काळा रंग ताजा, चकचकीत.

"हितं रंग का दिलाय?"

"शोभेला," धुळाप्पा म्हणाला.

"बाजारात म्हाताऱ्या मेंढ्याच्या शिंगाला त्याल लावत्यात. शोभंलाच."

"मग काळी ने की! म्या कुटं न्हाय म्हटलं?"

गुंडा बराच वेळ दोन्ही सायकलींच्या मधे उभा राहिला. मग त्यानं शिंगं धरली आणि बाहेर पडला.

घरी त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, सायकलला एक फेरा घातला. "हिची मान काय बरी दिसंना. मोडली तर तुमची मान जाईल, धुळाप्पाची न्हाय."

तेव्हापासून गुंडा जेवताना दर दोन घासांनी उठून ती मान चाचपायचा. रंग खरवडून बघ, असं मी सांगितलं. "खरवडलं आन कायतरी दिसलं, तर मग रयवारी कसा येऊ?" तो म्हणाला.

रविवार उजाडला. कोंडी मागं पडली तरी गुंडा आमच्यात होता. मी त्याच्या शेजारी होतो. त्याचं लक्ष ना रस्त्यावर, ना रामहरीवर. कान खाली, मानेकडं.

"टक् झालं का वो?"

"माझे गुडघे असतील," मी म्हटलं. खरं तर मलाही ऐकू आलं होतं.

सीनेचा उतार लागला. गुंडा शिंगांवर वाकला आणि सुटला. एकेकाला मागं टाकत रामहरीच्या बरोबरीला आला, मग त्याच्याही पुढं गेला. त्याचं मुंडासं सुटून मागं फडफडत होतं. त्याच्यापुढं फक्त नदी होती आणि हवा.

आणि त्यानं वळून मागं बघितलं. आम्ही सगळे एकमेकांना चिकटून उताराला लागलो होतो. म्होरक्या पडला तर मागचा कळप त्याच्यावरच कोसळतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं हात वर केला, कडेला झाला आणि पाय घासत थांबला.

"दमलास व्हय रे मेंढक्या?" रामहरी ओरडत गेला.

मी थांबलो. गुंडानं नखानं रंग खरवडला. खाली केसाएवढी फट होती, मान अर्धी वेढलेली.

नदीवरून परतताना बाकीच्यांनी आम्हांला गाठलं. लंगडं कोकरू घ्यावं तशी सायकल मानेवर आडवी घेऊन गुंडा चालला होता. चाकं हळूहळू फिरत होती. रामहरीनं ती फट बघितली.

"आण हिकडं, माज्या कॅरियरला बांधू."

"नगं. घरचं हाय, मीच न्हेतो."

रामहरी सायकलवरून उतरला. मग एकेक करून सगळेच उतरलो. थेट गावापर्यंत गुंडा पुढं, आणि आम्ही सायकली हातात धरून त्याच्या मागं.

दारात मायाक्का उभी होती. नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, आत गेली आणि मूठभर हळद घेऊन आली.

"कुटं लागलंय?"

गुंडानं सायकल खाली टेकवली आणि तिच्या मानेवर बोट ठेवलं. मायाक्कानं खाली वाकून त्या फटीत हळद चेपली.

कुणी हसलं नाही.