ठराव क्रमांक दोन

जानकीने बांगड्याचे पोट फाडले आणि मान वर केली, तर कुंपणापलीकडून यमुनाकाकी चालल्या होत्या. त्यांच्यामागे हौसाबाई. दोघी बोलत नव्हत्या. या वाडीत दोन बायका न बोलता चालल्या, की काय झाले ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

काकींनी जानकीच्या दाराकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या सरळ खालच्या आवाठातल्या घरांकडे गेल्या.

जानकीची विळी तशीच उभी राहिली.

सैनिक कुटुंब मंडळाची एक वही होती. तिच्यात सहा बायकांची नावे होती आणि दोन ठराव. पहिला, दर गुरुवारी देवळात जमून आलेली पत्रे सगळ्यांसमोर वाचावीत. दुसरा तारेचा. बासष्टच्या लढाईत मथुरेला तार आली. तोवर वाडीत तार यायची ती मुंबईहून कोणी निघाल्याची. मथुरेने अंगठा उठवला, नवरा रजेवर येतो आहे असे धरले, मालवणच्या बाजारातून सुरमई आणली, न्हाली, केसांत बकुळीचा वळेसर माळला. संध्याकाळी तिने शाळेच्या मास्तरांना थांबवून तार पुढे केली आणि, कितीच्या मोटारीने येतायत ते तेवढे बघा, म्हणून सांगितले. मास्तरांनी पुढे बरेच दिवस ती वाट सोडली होती.

तेव्हा ठरले, तार एकट्या बाईच्या हाती पडू द्यायची नाही. धोंडू पोस्टमनने ती अध्यक्षांना द्यावी. अध्यक्ष म्हणजे यमुनाकाकी, कारण त्या चौथी शिकलेल्या. शिवाय विधवा, एकुलता मुलगा सत्यवान पलटणीत, म्हणजे वेळही होता. त्यांनी बाकीच्या बायकांना घरोघर जाऊन सोबत घ्यावे आणि जिची तार, तिच्या घरी सर्वांत शेवटी जावे. पोस्टाच्या नियमात हे बसत नव्हते. धोंडूने नियम आनंदाने मोडला.

ठराव चांगलाच होता. फक्त त्यानंतर चार बायका मिळून हळदीकुंकवाला निघाल्या तरी पुढची दारे लागू लागली.

आता पासष्ट साल होते आणि पुन्हा लढाई. जानकी माडाआडून बघत होती. राधाबाई निघाली. मग हिरा. मग मथुरा, तिला आता तार येणार नव्हती, पण वहीत नाव होते.

नवऱ्याचे, भिकाजीचे, शेवटचे पत्र श्रावणातले. जानकीने भात उतरवला. बांगडे टोपलीखाली झाकले, नाहीतर मांजर खाईल. आणि अशा वेळी आपल्याला मांजर सुचते याची तिला लाज वाटली. मग तिने दारापुढचे खळे झाडले, चटई घातली. पाच माणसे यायची होती.

पावले दाराशी थांबली.

"जानके, चल गो," काकी म्हणाल्या.

"खंय?"

"चल म्हणतंय मां. तुझा घर परतीच्या वाटेर, म्हणान तुका शेवटाक."

जानकीच्या पायांत जीव आला. भिकाजी आसा. तिने झटकन पदर तोंडावर धरला आणि रांगेत शिरली. मग कोणाचा गेला ते बघायला डोळे वर केले. हौसाबाई, राधाबाई, हिरा, मथुरा. त्याही एकमेकींकडे बघत होत्या.

"काकी," हिराने विचारले, "आता कोणाकडे जावचा?"

काकी चालतच राहिल्या. पुढे त्यांचेच घर होते, आणि त्यापुढे समुद्र.

ओटीवर चटई घातलेली होती. रिवाजाप्रमाणे जिची तार ती मधे बसे आणि काकी समोर बसून सांगत. ते शब्द दुसऱ्या कोणी कधी तोंडातून काढले नव्हते. काकी मधे जाऊन बसल्या. कमरेला खोचलेली तार त्यांनी काढून पुढ्यात ठेवली. तिच्यावर पोस्टमास्तरांनी नेहमीप्रमाणे मराठीत दोन ओळी लिहून दिल्या होत्या.

"धोंडून हातात दिल्यान. नेहमीसारी उघडलंय नि वाचलंय," त्या म्हणाल्या. "एकटीनच."

ठरावात अध्यक्षांची सोय करायची राहून गेली होती.

समोरची जागा रिकामी होती.

"सांगा गो माका कोणीतरी," काकी म्हणाल्या. "माका अजून कोणी सांगूक नाय."

मथुरेने जानकीच्या पाठीला हात लावला. जानकी पुढे सरकली, काकींच्या समोर बसली. पदर तिने अजून तोंडावर तसाच धरला होता. तो काढल्यावर खाली कसले तोंड निघेल, याचा तिला भरवसा नव्हता.