बहाण्यांची वही

टॉवेलची गुंडाळी मानेखाली घालून शैलजा तोडणकर बाईंनी दहाव्यांदा हनुवटी आत ओढली आणि छताकडे बघत विचारलं,

"हाच व्यायाम?"

"हाच, मॅडम. पाच सेकंद पकडायचं, मग सोडायचं. जोर नाही लावायचा. धीमे धीमे."

"याला आमच्या शाळेत आळस देणं म्हणतात."

कल्पेश हसला. किलवणी नाक्याजवळ, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं फिजिओथेरपी सेंटर होतं. दोन खाटा, एक हिरवा पडदा, खिळ्याला लटकवलेले रबरी पट्टे. बाईंच्या मते याला सेंटर म्हणणं म्हणजे टपरीला हॉटेल म्हणणं. पोरगा जेमतेम सत्ताविशीचा, दंडावर मूठभर मांस नाही, आणि सिल्वासाच्या मराठी शाळेत तेहतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलेल्या बाईला तो मान कशी हलवायची ते सांगणार! पण डोक्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर इथली चिठ्ठी दिली होती, आणि सव्वीस जानेवारीच्या कवायतीला तीनच आठवडे उरले होते.

"रोज दहा मिनिटं चालायचं," कल्पेश सांगत होता. "पुढच्या हप्त्यात पंधरा. ज्या दिवशी डोकं चढेल त्या दिवशी काहीच नाही. गोळी घ्यायची, अंधारात पडायचं."

"पडायचं?"

"हा. मायग्रेनमध्ये व्यायाम रोज थोडा केला तर फायदा होतो. पण डोकं चढलेलं असताना पळायचं नाही, उलट्या होतात. उपाशी पोटी तर बिलकुल नाही."

"नाजूक लोकांचं सांगतोयस तू. मी मैदानावरची बाई आहे."

"डोकं मैदानावरचंच आहे ना पण," कल्पेश म्हणाला आणि त्याने एक छापील कागद पुढे केला. "हे रोज भरायचं. तारीख, वेळ, काय झालं, त्याच्या आधी काय केलं."

कागदावरचे रकाने बघून बाईंच्या कपाळाला आठी पडली. कागद चार घड्या करून त्यांनी पर्समध्ये कोंबला आणि चपला घालून खाली उतरल्या. जिन्यात ओळखीचं कुणी नाही ना, हे मात्र आधी वाकून बघून घेतलं.

असे रकाने त्या स्वतः तेहतीस वर्षं आखत आल्या होत्या. क्रीडासाहित्याच्या खोलीत दाराआड खिळ्याला दोरीने बांधलेली एक लांबडी वही असायची. मुलं तिला बहाण्यांची वही म्हणायची, आणि बाईंना ते नाव पसंत होतं. पीटीच्या तासाला ज्याला बसायचं असेल त्याने आपल्या हाताने वहीत लिहायचं: तारीख, नाव, कारण. शेवटचा रकाना फेऱ्यांचा. मैदानाच्या दोन फेऱ्या पळून आल्याशिवाय सावली मिळायची नाही. आणि शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे ती पानं मोठ्याने वाचली जायची. पोट दुखणारे, पाय मुरगळणारे, चक्कर येणारे अशा कितीतरी सोंगाड्यांना बाईंनी या वहीने सरळ केलं होतं. डोकं दुखणारे त्यांना सगळ्यांत जास्त तिडीक आणायचे. पायाला सूज तरी दिसते. डोक्याचं काय, कुणीही उठावं आणि धरून बसावं.

आणि गणपतीपासून त्यांचंच डोकं दुखत होतं. महिन्यातून चारदा, अर्धंच, कुणी आतून खिळा ठोकावा तसं. देवाने सूड उगवायचा तर गुडघा धरायचा होता की! हे शाळेत कळलं असतं तर पोरं चिंचा पाडतात त्याच दगडांनी त्यांनी बाईंची कीर्ती पाडली असती. शिवाय मुख्याध्यापक टपलेलेच होते. "बाई, आता आराम करा, या वर्षी कवायत मंगेश सर बघतील," असं एकदा बोलूनही झालं होतं. मंगेश सर म्हणजे संगणकाचा मास्तर. स्पीकर लावून पोरांना कंबर हलवायला लावायचा आणि त्याला फिटनेस म्हणायचा. बाईंची निवृत्ती एप्रिलअखेर. चारशे मुलांपुढे चौथऱ्यावर उभं राहून घ्यायची ही शेवटची कवायत. ती त्या कंबरहलव्याच्या हाती द्यायची? मेले तरी नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला नववीतली ममता खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बाप चिंधा, मसाटच्या धाग्याच्या कंपनीत ऑपरेटर, मूळचे शिरपूरकडचे. पोरगी काटकुळी, तेल लावून चप्प वेण्या, नजर कायम जमिनीवर.

"मॅडम, डोकं दुखतंय."

"अरे वा. आज काय, डावीकडून की उजवीकडून?"

मागच्या पोरी फिदीफिदी हसल्या. ममताने वही ओढून घेतली आणि लिहिलं. जूनपासूनची सतरावी नोंद. सतराही वेळा कारण एकच. कल्पकता म्हणून नाही, बाईंच्या मनात आलं, निदान पोट तरी बदलून दुखवावं.

"मॅडम, सकाळी काही खाल्लं नाही. पळाले की उलटी होते."

"मग बरंच, पोट रिकामंच आहे." हे बोलून बाई जराशा अडखळल्या. उपाशी पोटी बिलकुल नाही, म्हणणारा तो हाडकुळा कल्पेश डोळ्यांपुढे आला. "दोन..." त्या म्हणाल्या आणि मग चिडून, "एकच मार, जा. तोंड घेऊन उभी राहू नकोस."

ममताने एक फेरी मारली आणि नळामागे जाऊन ओकली. बाईंनी शिट्टी फुंकली आणि पाठ वळवली.

घरी त्या भिंतीकडे तोंड करून हनुवटी आत ओढत. सकाळी दहा मिनिटं चालत, कोणी विचारलं तर दूध आणायला निघाले म्हणून सांगत. कागदही भरत. दोन आठवड्यांत एकदाच दुखलं, तेव्हा त्यांना कल्पेशचा राग आला. एवढ्याशा आळसाने बरं वाटावं, हाही अपमानच होता.

बावीस तारखेला रंगीत तालीम. मुख्याध्यापक आणि मंगेश सर व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलेले. मैदानावर चारशे मुलं, पांढरे गणवेश, वर आलेलं ऊन. बाई चौथऱ्यावरून मोजत होत्या.

"एक, दो, तीन, चार. एक, दो..."

डाव्या बाजूला काहीतरी चमकलं. उन्हात पत्रा हलावा तशी एक वाकडीतिकडी रेघ आली आणि पसरत गेली. डावीकडच्या रांगांतल्या मुलांची डोकी दिसेनाशी झाली. नुसते गणवेश हात वर करत होते.

"तीन," बाई म्हणाल्या. "तीन."

रांगा चुकल्या. कोणाचे हात वर, कोणाचे खाली. मंगेश सर खुर्चीत पुढे सरकून बसले. बाईंना ठाऊक होतं, आता फार तर वीस मिनिटं, मग खिळा. उतरावं तर संपलं. उभं राहावं तर सगळ्यांदेखत कोसळायचं. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात धरला, ऊन लागतंय असं दाखवत.

"मॅडम! ओ मॅडम!"

तिसऱ्या रांगेतून ममता बाहेर आली होती. सतरा वेळा जमिनीला सांगितलेलं गाऱ्हाणं आज ती व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडत होती.

"माझं डोकं दुखतंय! चालवत नाही मला! तुम्ही घेऊन चला ना!"

चारशे मुलं खो खो हसली. मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारून घेतला. बाई चौथऱ्यावरून उतरल्या, गटप्रमुखाला "चालू ठेव" म्हणून ओरडल्या आणि ममताचं मनगट धरून तिला खेचत निघाल्या. बघणाऱ्यांना तसंच वाटलं. खरं तर बाईंनाच नीट दिसत नव्हतं. वाट ममता दाखवत होती.

खोलीत शिरल्यावर ममताने दार लोटलं, खिडकी लावली, उडीच्या गाद्यांमधली एक खाली पाडली.

"आडव्या व्हा, मॅडम. गोळी आहे?"

बाईंनी पर्सकडे बोट केलं. ममताने गोळी आणि पाणी दिलं, ओढणी माठात भिजवून पिळली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"तुझं डोकं?"

"आज नाही दुखत."

"मग खोटं का बोललीस?"

"तुम्ही तीन दोनदा बोलले." ममता दाराला टेकून उभी होती. "माझं बी तसंच होतं. अर्धी पोरं दिसत नाहीत, मग शब्द सापडत नाहीत. मला दिवाळीच्या आधीच कळलं होतं, तुम्ही डोळा झाकायला लागले तेव्हा."

अर्धी पोरं दिसत नाहीत. हे बाईंनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कल्पेशला नाही, त्या कागदावरही लिहिलं नव्हतं. वेड लागलं म्हणतील, या भीतीने. ओली ओढणी डोळ्यांवर ओढून त्या पडून राहिल्या.

थोड्या वेळाने कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"काय करतेस?"

"नाव लिहिते. अठरावं."

"इकडे आण."

"राहू द्या ना, मॅडम. माझं सगळ्यांना सवयीचं आहे."

"आण म्हणते ना!"

दोरी पुरेना, म्हणून ममताने वही खिळ्यावरून सोडवून आणली. बाईंनी एक डोळा उघडला, ममताच्या नावावर काट मारली आणि खाली लिहिलं. अक्षर उताराला लागलं होतं, पण वाचता येत होतं. शैलजा तोडणकर. कारण, डोकं.

ममताने ते वाचलं.

"शनिवारी वाचतील हे. मोठे सर असतात. मग चौथरा मंगेश सरांना देतील."

"देऊ देत."

बाहेर कवायतीचं मोजणं थांबलं होतं. कोणीतरी स्पीकर तपासत होतं, हॅलो, हॅलो. ममताने खिडकीच्या फटीत रद्दी कोंबली आणि परत येऊन वहीपाशी बसली.

"मॅडम, फेऱ्यांचं राहिलं."

"दोन. सगळ्यांना दोन."

ममताने दोन लिहिलं. थोडा विचार केला आणि पुढे जागा होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं: बरं वाटल्यावर, चालत.