बातम्या सोडलेला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. पण असं म्हणताना मला संकोच वाटतो, कारण कित्येक वर्षांत मी एकही स्टेशन पकडलेलं नाही. माझी काच शाबूत आहे, काटाही आहे, पण तो कितीही फिरवला तरी काही ऐकू येत नाही. मी आता थकलो आहे. तरी सांगतो.

१९४६ साली मोरेश्वर गुरुजींनी मला नागपूरहून सौंसरला आणलं. गुरुजी मराठी शाळेचे हेडमास्तर. बायको लवकर गेलेली, घरात ते आणि लहानगी नलिनी एवढीच माणसं. गल्लीत वीज नव्हती, म्हणून मी मोटारीच्या बॅटरीवर चालायचो. ती बॅटरी दर आठवड्याला कापसाच्या जिनिंग कारखान्यात जायची आणि तिथल्या इंजिनावर चार्ज होऊन यायची. माझ्या पोटात दिव्यासारखे पाच काचेचे व्हॉल्व्ह होते. ते तापले की मला कंठ फुटायचा.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ओसरीवर उभं राहायला जागा नव्हती. लोकांनी मला हार घातला, जसं काही ते सगळं मीच केलं होतं. पाचच महिन्यांनी गांधीजी गेल्याची बातमीही मलाच सांगावी लागली. त्या दिवशी माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. ऐकणाऱ्याला रडता येतं. सांगणाऱ्याला पुढची बातमी सांगायची असते.

मग राज्यांच्या फेररचनेच्या बातम्या सुरू झाल्या. तोवर आमची राजधानी नागपूर होती. गुरुजींचे सगळे कागद तिथूनच यायचे. आता मराठी मुलूख वेगळा निघणार, असं लोक म्हणत होते. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव ही आमची सीमेवरची गावं कुणीकडे जाणार? गुरुजी रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसत. बातम्या संपल्या की म्हणत, "आजही आपलं नाव नाही." वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मला वाटायचं, एकदा तरी यांचं नाव माझ्या तोंडून निघावं.

याच काळात घरावर दुसरं संकट आलं. नलिनी गावातली सगळ्यात गोड गळ्याची मुलगी होती. जवळच्या जामसांवलीला मारुतीच्या देवळात बायकांचं भजन तिच्याशिवाय सुरू होत नसे. विसाव्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ वाढू लागली. श्वास कोंडू लागला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. कुजबुजण्याइतका राहिला, तोही जवळ बसलेल्यालाच ऐकू येईल असा.

ती तिथेच नागपूरला मामाकडे चार महिने राहिली आणि परत आली ती एक गिटार घेऊन. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांब सरकवत वाजवायची, अशी. त्या कांबेखालून निघणारा सूर अगदी गळ्यातून निघाल्यासारखा वळायचा. पण तो इतका बारीक, की शेजारच्या खोलीत जात नसे. एकदा गुरुजींनी दाराआडून ऐकायचा प्रयत्न केला. नंतर ते माझ्याजवळ येऊन बसले, पण मला सुरू केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढुर्ण्याहून चिंधूला बोलावलं. चिंधू लढाईच्या काळात फौजेत वायरलेसवर होता आणि आता रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने फौजेतला एक जुना हेडफोन आणला होता.

"ह्या कानाच्या डबीत लोहचुंबक आहे अन् बारीक तारेचं वेटोळं आहे, जी," तो म्हणाला. "हे तारांखाली बसवलं का गिटार रेडिओतून बोलते."

त्याने डबी बसवली आणि तिची वायर माझ्या पाठीला जोडली. नलिनीने तार छेडली. माझ्यातून सूर निघाला, पण मेलेला. चिंधूने डोकं खाजवलं.

"जोर कमी पडून राहिला. स्टेशन पकडणारा एक व्हॉल्व्ह तिथून काढून इकडं लावा लागन. मंग पाहा कसा बोलते."

"मग लाव की," गुरुजी म्हणाले.

"पन गुरुजी, मंग बातम्या बंद. आतलं सारं तोडा लागते. पुन्हा रेडिओ होनार नाही हा."

दिल्लीत फेररचनेचं बिल चाललेलं होतं. आज-उद्यात आमचा निकाल लागायचा होता. नलिनीने गुरुजींचा हात धरला आणि त्यांच्या कानाशी कुजबुजली, "बाबा, आत्ता नको. निकाल लागू द्या. मी थांबते."

गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "निकाल मला कोणीही सांगेल, नलू. पेपरात येईल, बाजारात कळेल. पण तुझ्या मनातलं मला कोण सांगणार?" आणि चिंधूकडे वळून म्हणाले, "तोड."

मित्रांनो, खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. दहा वर्षं जगाचं ओझं वाहून मी दमलो होतो. चिंधूने माझ्या पोटातल्या तारा कापल्या, कथलाचे डाग देऊन नव्या जोडल्या, व्हॉल्व्ह हलवला. दिल्ली, नागपूर, मुंबई, सगळी गावं माझ्यातून कायमची गेली.

निकाल गुरुजींना एक दिवस उशिरा, पेपरातून कळला. नागपूर मुंबई राज्यात गेलं. सौंसर, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी भोपाळ. गुरुजींनी पेपरची घडी केली. सवयीने माझ्यासमोर येऊन बसले, हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. पुढे कितीतरी संध्याकाळी तो हात तसाच थांबलेला मी पाहिला.

चैत्रात हनुमान जयंतीला मला बैलबंडीत घालून जामसांवलीला नेलं. सोबत बॅटरी आणि चिंधू. भजनाच्या बायका जमल्या होत्या. भजन सांगणाऱ्या देवकाबाईंनी नलिनीला जवळ बसवलं. नलिनीने तार छेडली आणि मी कर्कश शिटी मारली. पोरं हसली. एक बाई म्हणाली, "हे काय वं, इंजिन आनलं का?" नलिनीने हात मागे घेतला. तिचे डोळे भरून आले. मी जन्मात एवढा शरमलो नव्हतो.

माझा आवाज परत गिटारीत शिरून शिटी होत होती, म्हणून चिंधूने घाईने माझं तोंड दुसरीकडे फिरवलं. "आता वाजव, ताई."

तिने पुन्हा कांब ठेवली. मारुतीचं भजन, जे ती लहानपणापासून म्हणायची, तेच. तिचे श्वासाचे थांबे, तिच्या गळ्याची ती खास हरकत, सगळं माझ्या स्पीकरच्या पडद्यातून बाहेर आलं. बायका टाळ सावरून सुरुवात करायला निघाल्या, तर देवकाबाईंनी हात वर केला.

"थांबा ना वं बायाहो. पोरगी गाऊन राहिली."

आणि सगळ्या थांबल्या. पारावर गुरुजी बसले होते. त्यांनी उपरणं तोंडावर धरलं.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. नलिनी मुलींना शिकवू लागली. मी देवळात गेलो, लग्नात गेलो, शाळेच्या गॅदरिंगला गेलो. मग एक व्हॉल्व्ह गेला, तसला कुठे मिळेना. नवं, हलकं यंत्र आलं. गुरुजी गेले. माझ्या तोंडावरचं कापड उंदरांनी खाल्लं. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत मला भंगारात द्यायचं ठरलं होतं, पण म्हातारी नलिनी दारात आडवी उभी राहिली. ती काय म्हणाली ते भंगारवाल्याला ऐकू गेलं नाही. तरी तो निघून गेला.

मित्रांनो, मला पुन्हा वाजवा असं मी म्हणत नाही. आता ते होणार नाही. एवढंच करा, तुमच्या घरात, वर्गात कोणी गप्प असेल, तर त्याला सांगायचं काही नाही असं समजू नका. जरा जवळ जाऊन बसा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसायच्या असतील, तर कोरडं फडकं घ्या. ओल्याने आम्हाला गंज चढतो.