क्लचवर पाय कुणाचा

गाडी सुरू केली की किर्रर्र आवाज यायचा, झोपेत कुणी दात खावेत तसा. क्लचचं पेडल दाबलं की वाढायचा. नवऱ्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या भाऊजींनी, गाडी मिस्त्रीकडे नेण्याआधीच निकाल लावून टाकला. बाईमाणूस क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते, दुसरं काय होणार.

गाडी म्हणजे सासऱ्यांच्या वेळची व्हॅन, दोघा भावांची. नवऱ्याची कंबर गेल्यापासून लाँड्रीच्या चादरी तीत भरून मी इस्पितळांत पोचवते. आमची चूल त्यावर पेटते. भाऊजींना हे काम आपल्या मेहुण्याला, माझ्या जावेच्या भावाला, द्यायचं होतं. मेहुणा रिकामा बसून बहिणीचं डोकं खात होता. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

गॅरेजात नवरा कमरेला पट्टा बांधून स्टुलावर बसला. मिस्त्री भाऊजींच्या पत्त्यांच्या अड्ड्यातला. बॉनेट न उघडताच त्यानं मान हलवली. गिअरबॉक्स गेला म्हणाला. कशानं, तर चालवणाऱ्याच्या पायानं. भाऊजींनी लगेच री ओढली आणि मला सांगितलं की आता तू घर सांभाळ. जसं काही इतके दिवस घर शेजारीण सांभाळत होती.

"मिस्त्री, गिअरबॉक्स गेला असता तर पेडल पूर्ण दाबल्यावर आवाज थांबला असता," मी म्हटलं. "हा वाढतोय."

"ताई, मिस्त्री मी आहे."

"मग मिस्त्रीचं काम करा."

त्यानं केलं नाही. मी वाकून हातानंच पेडल दाबून पाहिलं. दाबताना सुरुवातीला थोडी ढील लागायला हवी. इथं केसाएवढीही नव्हती. म्हणजे क्लचला ढकलणारं बेअरिंग, पेडलवर पाय नसतानाही, क्लचला टेकून दिवसभर फिरत होतं. ही गाडी मला नवऱ्यानंच शिकवली होती, तिच्या आवाजांसकट. मी इंजिन सुरू केलं, बॉनेट उघडलं, पाना उचलला आणि क्लचच्या तारेचा नट सैल केला. आवाज बंद. पेडल जरासं दाबलं, आला. सोडलं, गेला. मिस्त्री स्वतःच्या चपलांकडे बघू लागला.

पाय निर्दोष सुटला. कुणीतरी तार प्रमाणाबाहेर ताणली होती.

मागे एकदा भाऊजी गाडी घेऊन गेले होते आणि परत आल्यावर क्लच बायकी झालाय, पेडल ढिलं लागतंय, असं म्हणत बॉनेटखाली शिरले होते. नवरा बाजूला बसून पाने देत होता.

"तार हिनंच ताणली असेल," भाऊजी म्हणाले. "बघा, पाना हातात कसा शोभतोय."

दादासमोर नवऱ्याची जीभ जन्मापासून टाळूला चिकटते.

"सांग," मी त्याला म्हटलं. "नाहीतर उद्यापासून दादाच्या मेहुण्याकडे जेवायला जा. कमवणार तोच आहे."

त्यानं कमरेचा पट्टा सारखा केला. इंजिन आपलं घुरघुरत होतं.

"दादा, तार तू आवळलीस," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं ढील ठेव. तू आईवरून शिव्या घातल्यास, तीच आई तुझीही आहे हे विसरून."

"बायकोनं पढवलेलं बोलतोयस."

"गाडी अर्धी माझी आहे. ती चालवेल."

आजपासून तुझं तोंड बघणार नाही, असं सांगून भाऊजी तरातरा निघून गेले. नवरा त्यांच्यामागे जायला उठला, कमरेत कळ आली, परत बसला.

मी त्याला शाबासकी दिली नाही. गल्लीभर माझ्या पायावर खापर फुटत होतं तेव्हा हे वाक्य त्याच्या तोंडातच होतं.

झिजलेलं बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्री म्हणाला, गाडी ठेवून जा, उद्या बघतो. मी एक जुना टायर ओढला आणि त्यावर बसले.

"आत्ता उतरवा," म्हटलं. "माझ्यासमोर."