उचललेला बेल

आमच्या शाळेची परीक्षा सरकार मानत नसे आणि आम्ही सरकारला मानत नसू. फिटंफाट. भाजी निवडताना, नळावर, हळदीकुंकवाला, आठ वर्षं मी हेच ऐकवत आले. शाळेचं नाव स्वावलंबन विद्यालय, जागा सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका बंद पडलेल्या वखारीची, आणि मुख्याध्यापक आमचे हे, चिंतामणी मास्तर. एकवीस साली ज्ञानवर्धक हायस्कूलमधली चांगली नोकरी सोडून यांनी ही राष्ट्रीय शाळा काढली. मला विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, तेव्हा मीही तशीच पेटलेली होते.

ज्ञानवर्धकही खासगीच, गावातल्या लोकांनीच काढलेली. पण तिथली मुलं मुंबई युनिव्हर्सिटीच्या मॅट्रिकला बसत, आणि मॅट्रिक झालं की कॉलेज, कचेरी, रेल्वे, सगळी दारं उघडी. आमच्याकडे टकळी होती, हिंदी होती, प्रार्थना होती आणि शेवटी यांच्या सुरेख अक्षरातला एक दाखला होता. तो दाखला घेऊन मुलानं कुठं जायचं, हे मात्र आम्ही कुणाला सांगत नव्हतो.

शाळा निघाली त्या वर्षी यांनी अकरा पालकांना सिद्धेश्वराच्या, म्हणजे सिद्धरामेश्वराच्या, देवळात नेलं आणि बेल उचलायला लावला. हातात बेलाचं पान घ्यायचं आणि देवापुढं म्हणायचं, माझं मूल याच शाळेत शिकेल, दुसऱ्या शाळेची पायरी चढणार नाही. कल्पना यांचीच. सभेत लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन विसरतात, देवापुढं बोललेलं विसरत नाहीत, असं यांचं म्हणणं. बारावं पान यांनी स्वतः उचललं, आमच्या पाच वर्षांच्या शकूसाठी.

लोक देवापुढचंही विसरले. शरच्चंद्र वकिलांनी दोन वर्षांत मुलाला गुपचूप ज्ञानवर्धकमध्ये नेऊन बसवलं. आम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलं, पुढल्या संक्रांतीला पुन्हा सुरू केलं. त्यांच्यामागून एकेक करत आणखी आठ जण गेले. कुणी विचारायला आलं नाही, मग आम्ही नाही तरी कुणाला म्हणणार? दहावे होते ते प्लेगात गेले. उरले हे, आणि रेवणप्पा.

रेवणप्पा मूळचे दुधनीकडचे, घरात कानडी बोलणारे, आडतीत धान्य तोलायचं काम करणारे. बायको नागम्मा आणि एकुलता एक मुलगा सिद्राम. हा सिद्राम आमच्या शाळेचा पहिला नंबर. फळ्यावर हे गणित लिहून होण्याआधी त्याचं उत्तर तयार असे. पाहुणे शाळा बघायला आले की यांचा हात आपोआप त्याच्या खांद्यावर जायचा.

चार वर्षांपूर्वी, सिद्राम पंधरा वर्षांचा असताना, रेवणप्पा आमच्याकडे आले. जोडे बाहेर काढले, पण आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सांगितलं की पोराला रेल्वेत कारकून व्हायचंय, त्याला मॅट्रिक लागतं, तेव्हा गुरुजींनी बेल सोडवून द्यावा. अकरा जणांत विचारायला आलेला हा एकटा. यांनी शांतपणे उत्तर दिलं की बेल माझ्यापुढं उचललेला नाही, सिद्धरामेश्वरापुढं उचललाय, तो माणसाला सोडवता येत नाही. वकिलाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. रेवणप्पांच्या घरी रोज लिंगपूजा होते, पोराचं नावही त्याच देवाचं. त्यांनी मान डोलावली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी नागम्मा माझ्याकडे आली. बाईचं मन बाईला कळेल, असं तिला वाटलं असावं. पदरात चार कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून आणली होती. मी तिला बसही म्हटलं नाही. देवापुढं पोराला उभं करायचं आणि मागाहून फायदा-तोटा बघायचा ही दुकानदारी झाली, असं मी तिला म्हणाले. जिभेला हाड नसतं हे खरं, पण माझ्या जिभेला त्या दिवशी काटे होते. कारण मला पक्कं ठाऊक होतं की सिद्राम गेला तर शाळेत दाखवण्यासारखं कुणी राहणार नाही आणि बाकीची मुलं आठवड्यात जातील. देव माझ्या डोक्यातही नव्हता.

सिद्राम राहिला. आमची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाला. तो दाखला घेऊन रेल्वेच्या ऑफिसात गेला, तिथल्या साहेबाच्या कारकुनानं तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. तेव्हापासून सिद्राम मिलमध्ये कताई खात्यात लागला. सकाळी भोंग्याला आमच्या दारावरून जायचा, मान खाली घालून नमस्कार करायचा. मीही नमस्कार करायची. माणूस स्वतःला किती फसवू शकतं बघा, मला वाटायचं, चला, पोरगं कामाला तरी लागलं.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात आमची शकू म्हणाली, मला ज्ञानवर्धकमध्ये जायचंय.

माझ्या दुखण्यात ती माझ्याबरोबर जनाना दवाखान्यात यायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नाडी बघायला शिकवली, आणि पोरीनं ठरवूनच टाकलं. डॉक्टर व्हायचं तर मॅट्रिक हवं. तेरा वर्षांची पोर, तिनं हे वडिलांना जेवताना सांगितलं, ताटातली आमटी न सांडता. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. यांनी नुसते हात धुतले आणि टकळी घेऊन बसले.

आठ दिवसांनी पंचांग काढताना त्यात घडी केलेला कागद सापडला. ज्ञानवर्धकचा प्रवेशाचा अर्ज. शकूचं नाव, जन्मतारीख, सगळं यांच्या अक्षरात भरलेलं, फक्त पालकाची सही राहिलेली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, म्हणतात ते काय खोटं आहे? मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला आनंद झाला. आणि त्यानंतर लगेच रेवणप्पा आठवले.

मी कागद यांच्यापुढं ठेवला. यांनी त्याची घडी नीट केली. मग म्हणाले, त्या दिवशी आम्ही बारा जण होतो, जे आहेत त्यांनी संमती दिली तरच मी सही करीन. मला ते पटलं. निदान चोरून तरी नको. हे सगळ्यांकडे जाऊन आले. वकिलांनी चहा पाजला आणि मास्तर, उशिरा का होईना शहाणे झालात, म्हणून पाठीवर थाप मारली. बाकीच्यांना बेल उचलल्याचं धड आठवतही नव्हतं. राहिले रेवणप्पा. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत हे दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू जा."

अर्जाला चार दिवस उरले होते. मी गेले.

नागम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. मला बघून ती उठली, पिठाचे हात तसेच. "बर्री बाई, कूड्री," म्हणत तिनं पाट टाकला, पाण्याचा तांब्या ठेवला. मी तिला मात्र त्या दिवशी उभीच ठेवली होती. घरून येताना दहा वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. इकडचं तिकडचं बोलत बसले. दुपारी रेवणप्पा जेवायला आले तेव्हा मात्र मी सगळं एका दमात सांगून टाकलं. शकूला तिकडे घालायचं आहे, तुमची हरकत नसली तरच.

रेवणप्पा कोपऱ्यात हात धूत होते. धुऊन झाले तरी पाणी ओतत राहिले.

"गुरुजी म्हनले हुते, बेल मानसाला सोडवता येत न्हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं समजून घ्यायला बघत होते. "मी सिद्रामला तसंच सांगितलं की. पोरगं दोन दिस जेवलं न्हाय. मग म्हनलं, देवाचंच हाय तर ऱ्हाऊ द्या आप्पा."

नागम्मा म्हणाली, "सुटत हुता, तर मग आमचं लेकरू..." तिला पुढं मराठी सापडेना. नवऱ्याकडे तोंड करून ती कानडीत भराभर बोलत राहिली. मला कानडी येत नाही. पण त्यातला शब्दन् शब्द मला कळला.

मी म्हणाले, नागम्मा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते चुकले.

"त्ये मी इसरले न्हाय बाई," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी उठणार होते. शकूला आहे तिथंच राहू दे, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं आणि मी ते म्हणाले नाही. माझ्या पोरीचं भलं माझ्या लाजेपेक्षा मोठं होतं. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

रेवणप्पांनी हात पुसले. "पोरीला धाडा तितं. लेकरानं काय केलंय? आमची हरकत न्हाय म्हनून सांगा गुरुजीस्नी." मग दाराबाहेर बघून ते हळू बोलले, "पर एक ऐका. मिलच्या रस्त्यानं नगा धाडू तिला. सिद्रामच्या नदरंला पडायला नगं. त्येला वाटतंय, बेल सुटतच न्हाय. तसंच वाटू द्या. त्येच्यावरच तर पोरगं उभं हाय."

मी शब्द दिला.

घरी आले तर हे ओट्यावर वाट बघत होते. काय म्हणाले, विचारलं. हरकत नाही म्हणाले, मी सांगितलं. आणखी काही? आणखी काही नाही. यांनी मोठा श्वास सोडला आणि आत जाऊन सही केली. त्या श्वासाचा मला इतका राग आला की मी संध्याकाळपर्यंत यांच्याशी बोलले नाही. पण असला श्वास मीही सोडला होता, रेवणप्पांच्या गल्लीतून बाहेर पडल्या पडल्या.

जूनमध्ये शकू जाऊ लागली. मी तिला लांबच्या रस्त्यानं जायला सांगितलं. मिलकडे गर्दी असते, मुलीच्या जातीला बरं नाही, असं कारण दिलं. तिला ते पटलं नाही, पण ती ऐकून घेत होती. शाळेत ती रमली. रोज येऊन बीजगणिताचं नवं काही सांगायची, आणि मी ऐकता ऐकता स्वयंपाकघरात निघून जायची.

सोलापूर केवढं? पंधरा दिवस झाले असतील नसतील, एका दुपारी पाळी सुटल्यावर सिद्राम दारात येऊन उभा राहिला. केसांत कापसाचे तंतू. हे शाळेत होते, शकूही. मी आत ये म्हटलं, तो आला नाही. बापासारखाच उंबऱ्याबाहेर थांबला.

"बाई," तो म्हणाला, "बेल सुटतो व्हय?"

मी रेवणप्पांना शब्द दिला होता. नाही म्हणायला एवढासा वेळ लागला असता, आणि त्यानं मानलंही असतं, असं त्याचं तोंड होतं. पण याच दारात एकदा त्याच्या आईला मी देवाच्या नावानं खोटं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा मला जमलं नाही.

"सुटतो," मी म्हणाले.

"मग तवाबी सुटला असता?"

"सुटला असता. आम्ही सुटू दिला नाही. तू गेलास तर शाळा बसेल म्हणून. देवाचं त्यात काही नव्हतं सिद्राम."

तो रडेल, ओरडेल, निदान मला चार शब्द ऐकवील असं वाटलं. ऐकवायला हवे होते. तो उंबऱ्याकडे बघत राहिला. गणित घातल्यावर असाच बघायचा. उत्तर द्यायला त्याला कधी वेळ लागत नसे, आज लागला.

मग त्यानं मान वर केली. चेहऱ्यावर जे होतं ती आशा होती.

"मग आता जाऊ का मी तितं? दिसा शाळा, रातपाळी मागून घेतो. इंग्रजी चौथीपासनं बसवलं तरी चालंल मला."

तो अर्ज मी चारदा वाचला होता. खालच्या बाजूला नियम छापलेले होते आणि तिसरा नियम वयाचा होता.

"सोळाच्या वर घेत नाहीत रे," मी म्हणाले.